सोड्यात उकळलेलं जाकीट

जाकीट कसं धुवावं यावर कुणी चार पानं लिहितं का? मी लिहिते आहे. ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो त्यांनी आधी आपल्या घरच्या मोरीत डोकावून यावं. कुणाचे कपडे कुठल्या बादलीत भिजतात ते बघावं. मग बोलू.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलमध्ये आमच्या गल्लीत, आमच्या घरापासून दोन दारं सोडून, संघटनेचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, सायक्लोस्टाइलचं यंत्र, एक बाक आणि तीन काळ्या सायकली. बेलपाड्यापलीकडे डोंगराच्या अंगाला ज्या आदिवासी वाड्या आहेत तिथल्या लोकांचं रेशन आणि वनखात्याने अडकवलेल्या जमिनी, हे आमचं काम. मी बावीस वर्षांची होते. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. स्टेन्सिलवर दाबून लिहायचं, ठळक लिहायचं, गुळमुळीत लिहायचं नाही, हे मी तिथेच शिकले.

एका ऑक्टोबरात एक गोरा माणूस सायकलवरून गोव्याकडे निघाला होता. तो पनवेलपाशी पोट बिघडून आडवा झाला. सलाइन लावून झाल्यावर जायला जागा नव्हती, म्हणून तो पाच दिवस आमच्या बाकावर झोपला. माझ्या आईने त्याला आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवून मऊ भात आणि मेतकूट खाऊ घातलं. जाताना त्याने त्याचं पावसाळी जाकीट आम्हाला देऊन टाकलं. पाऊस संपला, आता ओझं कशाला, असं काहीतरी म्हणाला.

पिवळंधमक जाकीट. मागची बाजू पुढच्यापेक्षा वीतभर लांब, म्हणजे वाकून सायकल मारताना बूड भिजू नये. बगलेत चेन. शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवलेल्या. आणि कापडाची खुबी अशी की बाहेरचं पाणी आत येणार नाही, पण आतल्या घामाची वाफ मात्र बाहेर पडेल. हे ऐकून सगळे हसले. आम्हाला माहीत होता तो प्लास्टिकचा रेनकोट. तो घालून तीन मैल सायकल मारली की पावसाने भिजणं परवडलं, इतका माणूस आतून घामाने निथळतो.

हे जाकीट कुणासाठी, याबद्दल बैठकीत चर्चा करायची गरजच नव्हती. वाडीवरचे एक दादा आमचे पूर्णवेळ कार्यकर्ते होते. वय तिशीच्या आसपास, स्वतः कातकरी, सात वाड्यांचा फेरा सायकलने एकटे करणारे. मंगळवारी आणि शुक्रवारी. रेशनवर धान्य आलं की नाही, कुणाच्या शेतात फॉरेस्टचा माणूस शिरला, कुणाला नोटीस आली, हे सगळं त्यांच्या तोंडून आम्हाला कळायचं. त्याआधीच्या पावसाळ्यात त्यांना निमोनिया झाला होता. वाचले ते कसेबसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा भिजून थंडी भरली तर छाती साथ देणार नाही. आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ऑफिसात येऊन बजावलं होतं, "आणखी एक ताप आला का माजा माणूस तुमच्या कामाला यायचा नाय. सांगून ठेवते."

म्हणजे प्रश्न साधा होता. ते कोरडे राहिले तर पावसाळ्यात सात वाड्यांचं काम चालणार. ते भिजले तर काम बंद आणि माणूस अंथरुणात. हे फॉरेस्टवाल्यांनाही ठाऊक होतं. नोटिसा ते मुद्दाम पावसातच बजावायचे.

जूनपासून जाकीट वापरात आलं. मंगळवार-शुक्रवार दादांचे. सोमवार आणि गुरुवार आमच्या सरांचे. सर इथल्या शाळेत शिकवायचे आणि संघटनेचे अध्यक्ष होते. रविवार माझा. ऑफिस गळकं आणि उंदीर माजलेले, म्हणून जाकीट पहिल्यापासूनच आमच्या घरी ठेवलं होतं. आमच्या मागच्या पडवीत वाळत घालायच्या काठ्या होत्या. वरच्या काठीवर बाबांचं सोवळं. त्याला आम्हीही हात लावायचा नाही. आई ते आंघोळीनंतर दुसऱ्या काठीने उचलून टाकायची. त्याच्या खालच्या खुंटीला जाकीट.

पहिला महिनाभर दादा खुशीत होते. परत आले की बाही पुढे करून दाखवायचे, पाणी कसं गोळ्या होऊन घरंगळतंय. "ताई, बदकाच्या पाठीवानी हाय बघा," म्हणायचे. सर चेष्टा करायचे, "आता पोहायला लागा." दादा म्हणायचे, "पोहणारा पुढं, सर. तुमी काठावरूनच भाषान द्या." सगळे हसायचे. सरही हसायचे, पण जरा उशिरा.

जुलैच्या शेवटी जाकीट भिजायला लागलं. गोळ्या होईनात. पाणी कापडात मुरायचं, पिवळं कापड गडद व्हायचं, अंगाला चिकटायचं. दादा खांद्यांवरून ओले होऊन यायचे. बैठकीत सरांनी विषय काढला, तोही दादा समोर नसताना. "वस्तू चांगली होती. वापरायची अक्कल लागते. काट्याकुट्यांतून नेतात, विड्या ओढतात, लाकडाच्या मोळ्या खांद्यावर घेत असतील. परदेशी माल आहे तो."

मी काय केलं ते लपवत नाही. मी पत्रक लिहिलं. मला दुसरं काय येत होतं? जाकीट वापरण्याचे पाच नियम, ठळक अक्षरात, आणि खुंटीच्या वर चिकटवले. खिळ्याला अडकवू नये. त्यावर बसू नये. विडी ओढताना काढून ठेवावे. चौथा नियम सरांनी सुचवला आणि मी एका शब्दाचाही विचार न करता उतरवला: "वाडीवरून आल्यावर जाकीट स्वच्छ धुतल्याशिवाय खुंटीला लावू नये."

वाडीवरून. बाजारातून नव्हे, शाळेतून नव्हे, तहसील कचेरीतून नव्हे. त्या वर्षी पनवेलच्या बाजारात घोट्याएवढा चिखल होता, आणि मी लिहिलं वाडीवरून.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी जाकीट आमच्या घरी देऊन दादा ऑफिसात आले ते कुडकुडत. सदरा पिळून काढता आला असता. मी टॉवेल दिला. ते खोकत होते आणि तो खोकला मला गेल्या वर्षापासून ओळखीचा होता.

मी चिडून म्हटलं, "दादा, अहो, नियम वाचलेत ना? नीट वापरा ना जरा! तुमच्यासाठीच आहे ते."

ते बाकावर बसले. थोडा वेळ टॉवेलनं डोकंच पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, एक इचारू? सरांच्या हातात जाकीट येतं तवा ते कसं असतं?"

"कसं म्हणजे?"

"माज्या हातात येतं तवा त्याला सोड्याचा वास येतो. कडक झालेलं असतं, पापडावानी. दर खेपेला. म्हंजे मी घालून दिल्यावर कोणतरी ते उकळून काढतंय." ते माझ्याकडे बघत नव्हते. "माज्या अंगाला एवढी घाण येते का वो?"

रविवारी मी घालायचे तेव्हाही तो वास असायचा, पण आमच्या घरच्या सगळ्या धुण्याला तोच वास, म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं. मी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कोनाला बोलू? तुमच्या आईला? त्या मला च्या देतात. आन् तुमी तर तितं कागूद लावून ठेवलाय."

मी तशीच घरी गेले. भर दुपारी आई मोरीत होती. जाकीट नुकतंच परत आलं होतं आणि ते पितळेच्या घंगाळात होतं. वर वाफ, पाण्यात धुण्याचा सोडा, हातात लाकडी धोपाटणं. ती खांद्यांवर धोपाटणं मारत होती. जिथे चिखल लागलेला सुद्धा नव्हता तिथे.

"आई, थांब."

"अगं, झालंच. दोन पाणी काढते."

"सर घालतात तेव्हा धुतेस का?"

"सरांचं काय धुवायचं? ते आंघोळ करून घालतात."

"आणि दादा करत नाहीत आंघोळ?"

"तू माझ्याशी वाद घालू नकोस हं. मी त्याला खुर्ची देते, चहा देते, ताप आला होता तेव्हा काढा करून पाठवला होता. कोण करतं एवढं या गल्लीत? पण ते जाकीट बाबांच्या सोवळ्याखाली टांगतेस तू. थेंब उडतो, वारा असतो. मला धुवायला नको?"

"तो गोरा जेवायला बसला होता तुझ्या स्वयंपाकघरात. त्याने महिनोन्महिने घातलेलं जाकीट तू ऑक्टोबरात तसंच टांगलंस. न धुता. तेव्हा सोवळं नव्हतं?"

 आई धोपाटणं भिंतीला टेकवून उठली, ओल्या हाताने माझा दंड धरला आणि मला पडवीत नेलं. खुंटीच्या वर बोट ठेवलं. "हे कुणाचं अक्षर? वाच. चौथं वाच. मी शिकलेली नाही एवढी, पण वाचता येतं मला. मी पहिल्यापासून करतेय तेच तू लिहून ठेवलंस. आता मला शहाणपण शिकवतेस?"

भांडण मी जिंकायला आले होते. भिंतीवर माझंच अक्षर होतं, ठळक, स्वच्छ, गुळमुळीत काहीही नसलेलं. तो कागद मी फाडला. फाडून काय होणार होतं? दोन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते जाकीट उकळलं होतं, बडवलं होतं. आणि ते घालून जाणाऱ्या माणसाला आम्ही अक्कल नाही म्हणत होतो.

त्या संध्याकाळी मी जाकीट घेऊन बसले आणि प्रत्येक खिसा उलटा केला. आतल्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात घडी केलेला एक इंग्रजी कागद निघाला, कडांना पाण्याने चिकटलेला. तो आम्ही सगळ्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि जाहिरात असेल म्हणून परत कोंबला होता. आम्ही! रस्त्यात लोकांनी आमची पत्रकं न वाचता फेकली की आम्हाला संताप यायचा. डिक्शनरी घेऊन मी त्या कागदाचा अर्थ लावला. सोडा नको. ब्लीच नको. गरम पाणी नको. पिळू नका, आपटू नका. कोमट पाण्यात अगदी थोडा साधा साबण, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत पुन्हापुन्हा खळबळा, कारण कापडात साबण राहिला की तोच पाणी ओढून घेतो. सावलीत वाळवा. मग वर कापड घालून हलकी इस्त्री करा. उबेने वरच्या थराला पुन्हा पाणी झटकण्याची शक्ती येते.

म्हणजे ते जाकीट मळाने मेलं नव्हतं. धुण्याने मेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आल्यापासून जाईपर्यंत मी ते खळबळत होते. पाचव्या बादलीलाही फेस येत होता. सातव्याला कमी झाला. आई दारातून बघत होती.  सावलीत वाळवून ते कोपऱ्यावरच्या परीटदादांकडे नेलं. कोळशाच्या इस्त्रीवर त्यांनी आयुष्य काढलेलं. त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं, आतली बाजू उजेडाकडे धरली आणि तोंड वाकडं केलं.

"कुणी बडवलं हे?"

"घरीच."

"साडी आहे का ही, बडवायला? हे बघ ताई, इथे खांद्याला. आत एक पातळ साय असते, ती तडकलीय. पट्ट्याही सुटल्यात. मी इस्त्री करून देतो, पण तडकलेली साय मी काय सांधू?" अर्धे निखारे त्यांनी बाहेर काढले, इस्त्री गार होऊ दिली, बोटाला पाणी लावून चटका पाहिला आणि वर जुनी चादर टाकून सावकाश फिरवली. मग तांब्यातलं पाणी शिंपडून दाखवलं. छातीवर आणि बाह्यांवर पाणी पुन्हा गोळ्या होऊन घरंगळलं. खांद्यांवर मुरलं. पाऊस माणसाच्या अंगावर कुठे पडतो? खांद्यांवरच.

सोमवारी बैठक. दादा आले होते, खोकला तसाच. सरांनी मला आधीच बाजूला घेतलं. "हे बघ, घरातल्या गोष्टी बैठकीत कशाला? आई आहे ती तुझी. आणि त्यालाही वाईट वाटेल."

"त्यांना वाईट वाटून दोन महिने झाले, सर."

"तुला समजत नाही. संघटना फुटते अशाने."

मी सांगितलं. सगळं. कागदाचं, सोड्याचं, धोपाटण्याचं, चौथा नियम कुणी सुचवला आणि कुणी लिहिला याचं. दरवर्षी चिरनेरला जाऊन जंगल सत्याग्रहाच्या हुतात्म्यांना हार घालणारी आम्ही माणसं, आदिवासींच्या हक्कांवर भाषणं ठोकणारी. आणि एका आदिवासी कार्यकर्त्याच्या घामाला आम्हाला उकळता सोडा लागतो, असंही मी म्हणाले. आवाज चढला होता. मला वाटत होतं दादा आता तरी माझ्या बाजूने बोलतील.

ते माझ्यावरच उखडले. "बास, ताई. तुमी माजी घाण कोनाला धुवाया लागली ते इतं सांगताय, का माजी बाजू मांडताय? मी माणूस हाय, तुमचा ठराव नाय."

ते बाकावरून उठले.

"जाकीट मला द्या," ते म्हणाले. "आता ते माज्या घरी ऱ्हानार. ज्याला पायजे त्यानं वाडीवर येऊन न्यावं, आन् वाडीवर आनून द्यावं. आन् धुवायचं का नाय ते माजी बायको ठरवंल."

सर म्हणाले, "पण ते गैरसोयीचं होईल. सहा मैल..."

"मला रोज व्हतं ना सहा मैल."

यावर ठराव वगैरे झाला नाही. त्यांनी जाकीट उचललं, काखोटीला मारलं आणि सायकल काढली. सरांनी त्या आठवड्यात बाजारातून नवा रेनकोट घेतला. जाकिटाची पाळी त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही. त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत. समतेवरच्या त्यांच्या भाषणात मात्र काही फरक पडला नाही, ते अजून तेच भाषण देतात.

रविवारी माझी पाळी. मी वाडीवर गेले. दादा अंगणात सायकलची ट्यूब कापत बसले होते. पंक्चरचं सोल्यूशन, पॉलिश पेपर, सगळं समोर मांडलेलं. ट्यूबच्या रबराचे दोन मोठे तुकडे त्यांनी जाकिटाच्या खांद्यांवर आतून डकवले होते आणि वरवंटा ठेवून दाबत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "या. अजून वल्लं हाय सोल्यूशन. बसा."

वहिनी चुलीपाशी होत्या. बाहेर आल्या, पण बसल्या नाहीत.

"कसं धुवायचं ते तुमी सांगनार व्हत्या म्हनं."

मी कागदावरचं सांगितलं. कोमट पाणी, थोडा साबण, पिळायचं नाही, सावली. त्या कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"आन् येवडं वाचायला तुमाला साळा लागली? आमच्याकडं सोडा हायेच कुटं. वढ्यात बुचकळू आन् मांडवाखाली टाकू."

"वहिनी, चूक आमची झाली," मी म्हटलं. "माझी झाली."

"झाली तर झाली. चूक ऐकून याची छाती सुदरनार हाय का?" त्यांनी नवऱ्याकडे मान केली. दादा खाली बघून रबर दाबत होते. "रातभर खोकतो. ताप नाय अजून, हात लावून बगते मी. माजं तर मन नाय. पन हा ऐकत नाय, मंगळवारी जानार म्हन्तो. पल्याडच्या वाडीत तिगांना नोटीस आलीया." मग माझ्याकडे बोट केलं. "त्या मंगळवारी तुमी जायाचं याच्या संगं. तुमच्या सायकलवर, तुमच्या रेनकोटात. हा जाकीट घालंल. याचे खांदे भिजले तर तितनंच मागं फिरवायचं, नोटीस ऱ्हायली तर ऱ्हायली. कबूल?"

"कबूल."

"सरांना इचारून सांगनार का?"

"नाही. कबूल म्हटलं ना."

त्या आत गेल्या. दादांनी वरवंटा काढला, रबराची कड नखाने उचलून बघितली. चिकटली होती. जाकीट झटकून त्यांनी माझ्यापुढे धरलं. त्यांनी ते सकाळी घातलं होतं, आतून अजून दमट होतं, विडीचा आणि रबराचा वास येत होता. मी बाह्यांत हात घातले आणि चेन लावली.

"मंगळवारी सात वाजता," ते म्हणाले. "उशीर करू नका. वाट लांब हाय, आन् मला मधी थांबायला लागंल, खोकायला."